अक्काचं तेल

आमच्या घरात सकाळ नाकापासून सुरू व्हायची. दात घासून झाले की मी आणि माझा धाकटा भाऊ शिवा ओसरीतल्या बाजेवर आडवे व्हायचो आणि मान बाजेच्या कडेवरून खाली सोडून द्यायचो. नाकपुड्या थेट माळवदाच्या लाकडांकडे. अक्का गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी धरून बसलेली असायची. शाई भरायचा नवा ड्रॉपर तिनं खास या कामासाठी ठेवला होता. एका हातानं ती आमचं कपाळ धरायची आणि म्हणायची, "दोन इकडं, दोन तिकडं. ओढ आत. हळू. गिळू नको, थुकून टाक." तेल कोमट, कडवट, घशात उतरताना देवदाराचा आणि वाळ्याचा वास मागे ठेवणारं. मग कोमट पाण्याच्या गुळण्या. आमच्यानंतर बापूंची पाळी, मग आईची, आणि सगळ्यांत शेवटी अक्का स्वतःच आडवी होऊन स्वतःच्या नाकात थेंब सोडायची, न सांडता. त्यानंतर ती थोडा वेळ डोळे मिटून तशीच पडून राहायची. दिवसभरात ती आडवी झालेली एवढीच काय ती दिसायची.

अक्का म्हणजे माझी आत्या, बापूंची थोरली बहीण. बापू तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. कंधारला एका वैद्याच्या घरात तिला दिली होती. नवरा लवकर गेला, पण सासऱ्यानं तिला माहेरी धाडलं नाही. औषधं कुटायला, काढे आटवायला शेजारी बसवलं आणि बसता बसता शिकवलं. सासरा गेल्यावर ती लातूरला आमच्याकडे आली ती एक पितळेची कढई आणि डोक्यात ते तेल घेऊन. बापूंचं गोलाईच्या बाजारात काष्ठौषधीचं छोटं दुकान होतं, त्यामुळे ज्येष्ठमध, शतावरी, दारुहळद, विडंग घरचंच. तीळतेल घाण्यावरचं. काढ्यात तेल पुन्हा पुन्हा शिजवायचं आणि शेवटच्या खेपेला शेळीचं दूध घालायचं. तेल झालं की नाही हे अक्का नजरेनं ठरवत नसे. खालचा गाळ बोटांत वळून त्याची वात होते का बघायची, ती वात दिव्यावर धरायची आणि कान देऊन ऐकायची. तडतडली तर पाणी राहिलंय. न बोलता जळली की म्हणायची, "झालं. उतरवा."

गल्लीतली निम्मी माणसं त्या तेलासाठी यायची. कुणाचं डोकं अर्धं दुखायचं, कुणाला रात्रभर शिंका, कुणाचा नाकाचा घोळणा फुटायचा. अक्का सगळ्यांना आधी नाही म्हणायची आणि मग प्रश्न विचारायची. ताप हाय का? सर्दी वाहती हाय का? आत्ताच जेवून आलात का? न्हालात का? पोटात लेकरू हाय का? यातल्या एकालाही हो आलं की तेल मिळत नसे. "तेल वाईट न्हाई," ती म्हणायची, "येळ वाईट असते." मला ते पाठ झालं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहू नये म्हणून.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. कालपर्यंत उस्मानाबादला हेलपाटे घालणारे लोक आता इथेच कचेरीच्या पायऱ्यांवर बसू लागले होते. भाड्याच्या इमारतींवर रंग न वाळलेल्या पाट्या लागल्या आणि बदलून आलेल्या कारकुनांची बिऱ्हाडं आमच्या गल्लीत खोल्या शोधत फिरू लागली. आणि नेमका त्याच सुमारास पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. विहिरींचा तळ दिसला. टँकर यायचा तेव्हा आधी त्याचा धुरळा यायचा, मग आवाज, मग तो. घागरी, डबे, बादल्या रस्त्यावर ओळीत लावून आम्ही सावलीला उभ्या राहायचो. फुफाटा असा की दुपारी शिवाच्या नाकातून रक्त यायचं. गुळणीचं पाणी अर्ध्या पेल्यावर आलं, पण अक्काचं तेल काही बंद झालं नाही. उलट त्या कोरड्या हवेत सगळ्यांना ते जास्तच लागायला लागलं. काढ्यासाठी ती स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवायची. आई धुसफुसायची, पण तिच्यासमोर नाही.

त्या टँकरच्या ओळीत मला वहिनी भेटल्या. नवीन कचेरीत कारकून असलेल्या मधुकररावांची बायको, नांदेडची, जेमतेम एकवीस वर्षांची. काखेत चार महिन्यांची सोनू आणि डोक्यावर घागर अशा त्या पहिल्या दिवशी उभ्या होत्या. मी त्यांची घागर धरली. दुसऱ्या दिवशी सोनूला धरलं. तिसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्याच खोलीवर. त्यांच्याकडे रेडिओ होता, पानं दुमडलेली मासिकं होती, आणि मुख्य म्हणजे त्या माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलायच्या. मी तेव्हा आठवीत होते. घरात मला 'नंदे, हे आण, नंदे, ते ठेव' एवढंच ऐकू यायचं. एकदा वहिनींचा घोळणा फुटला, तेव्हा अक्कानं त्यांना चार सकाळी आमच्या बाजेवर निजवून तेल घातलं आणि पाचव्या दिवशी रक्त थांबलं. त्यानंतर एकदा अक्काला कणकण होती म्हणून मीच वहिनींच्या नाकात थेंब सोडले. त्या उठून बसल्या, डोळे पुसले आणि हसून म्हणाल्या, "नंदा, तू तर छोटी वैद्यच आहेस गं." ते वाक्य मी दिवसभर जपून फिरले.

मग सोनूला सर्दी झाली. मी गेले तेव्हा वहिनी तिला मांडीवर घेऊन रडवेल्या बसल्या होत्या.

"दूधच ओढून नाही राहिली गं. नाक भरलंय. दोन घोट घेते आणि सोडून देते. हे फिरतीवर गेलेत. अक्कांना विचारून ये ना, एकेक थेंब तेल घातलं तर मोकळं होईल का?"

"होईल ना," मी विचारायच्या आधीच म्हणाले. "मी आणते."

घरी आले तर अक्का परसात चुलीसमोर होती. तेलाची शेवटची खेप, शेळीचं दूध घातलेलं. त्या दुष्काळात तेवढं दूध मिळवायला बापूंनी तीन वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. तेल फेसावर आलं होतं आणि ती उलथनं हलवत एकटक बघत होती. मी निरोप सांगितला. तिनं मान वर केली नाही, पण तिचा आवाज स्वच्छ होता.

"न्हाई. तान्ह्या लेकराला न्हाई. त्याला गिळायचं का श्वास घ्यायचा कळत न्हाई, तेल छातीत उतरतं. अन् सर्दीत तर मोठ्यालाबी न्हाई. तिला म्हनाव, दवाखान्यात ने."

मी तिथेच घुटमळले. ती पुन्हा म्हणाली, "न्हाई म्हनले न्हवं? जा, सांगून ये."

दोनदा. दोनदा म्हणाली ती.

मी आत गेले. कोनाड्यात रोजच्या तेलाची बाटली होती, शेजारी ड्रॉपर. दोन्ही परकराच्या खिशात घालताना माझ्या मनात काय होतं हे मी इतक्या वर्षांत अनेकदा चाचपून पाहिलं आहे. वाईट काही नव्हतं. चांगलंही नव्हतं. 'आणते' म्हणून आले होते आणि रिकाम्या हातानं परत गेले तर मी पुन्हा निरोप पोचवणारी पोर होणार होते, एवढंच. एका थेंबानं काय होतं, असंही वाटलं. आम्हाला तर रोज चार.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

"एकेक थेंब चालेल म्हणाली."

वहिनींनी सोनूला मांडीवर उताणं धरलं. मी अक्कासारखंच तिचं कपाळ धरलं. पहिला थेंब गेला. दुसऱ्याला तिनं मान झटकली, ड्रॉपर माझ्या बोटांत दाबला गेला आणि एक थेंब नाही, बरंच तेल गेलं. सोनू आधी गप्प झाली. मग खोकली. खोकत राहिली. चेहरा लाल झाला, ओठांच्या कडा निळसर. वहिनींनी तिला उलटं करून पाठीवर थोपटलं, थोडं तेल बाहेर आलं, आणि ती रडली तेव्हा आम्ही दोघी हुश्श म्हणून हसलो. तेव्हा हसलो हे मला विसरता येत नाही. मी बाटली परत कोनाड्यात ठेवली. अक्का परसात वात जाळून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सोनूला ताप भरला. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. फिरतीवरून आलेले मधुकरराव तिला घेऊन दवाखान्यात धावले. नाकात काही घातलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि वहिनींनी आपल्याला ठाऊक होतं ते सांगितलं: शेजारच्या अक्कांना विचारून तेल घातलं.

त्यानंतरच्या दुपारी मधुकरराव आमच्या दारात उभे राहिले. एरवी मान खाली घालून जाणारा हा माणूस. आवाज चढवायची सवय नसल्यामुळे तो फाटत होता. "चार महिन्यांचं लेकरू आहे. ऑक्सिजनवर आहे. तुम्ही बाई आहात की कोण आहात? वैद्यकी करता? कुणी सांगितली तुम्हाला ही वैद्यकी?" गल्ली गोळा झाली. बापू दुकानातून आले. आई दाराआड. अक्का परसातून हात पुसत पुढे आली, आणि पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही.

"मी? मी तर न्हाई म्हनले होते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नंदे, मी न्हाई म्हनले होते न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बापूंच्या कपाळावरची शीर फुगली होती. मधुकररावांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं, ते मला आजही दिसतं. मी म्हणाले, "तू हो म्हणलीस, अक्का. तेल हलवत होतीस. मान हलवून हो म्हणलीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती मला धरून हलवेल. पण तिनं नजर काढून घेतली आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"म्हनले असंन," ती हळू म्हणाली. "तेल फेसावर होतं. ध्यान न्हवतं माझं." आणि मग त्या तरण्या माणसासमोर तिनं हात जोडले. "चूक माझी हाय, बाबा. लेकराला देव वाचवू दे."

सोनू वाचली. पंधरा-वीस दिवस दवाखान्यात होती. रोज टँकरच्या ओळीत कुणीतरी बातमी आणायचं आणि मी घागरीकडे बघत ऐकायचे. घरी आली तेव्हा तिचं वजन निम्मं झालं होतं आणि श्वास घेताना बरगड्या दिसत होत्या. वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या. त्यांच्या लेखी मी निरोप आणणारी पोर होते, चूक मोठ्या बाईची. पुढच्या उन्हाळ्याआधी मधुकररावांनी नांदेडला बदली करून घेतली.

अक्कानं त्या दिवशीचं नवं तेल परसातल्या खड्ड्यात ओतलं. तीन वस्त्यांवरून आणलेलं दूध, वाचवलेलं पाणी, सगळं. कढई बापूंनी माळ्यावर टाकली. कुणी मागायला आलं तर ती म्हणायची, "आता न्हाई." स्वतःच्या नाकातही तिनं पुन्हा थेंब घातला नाही आणि वर्षभरात तिची जुनी अर्धशिशी परत आली. डोक्याला फडकं आवळून ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची आणि आई तिला आल्याचा चहा द्यायची. पण याहून वेगळं काहीतरी झालं होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. अक्का कशालाच हो किंवा नाही म्हणेनाशी झाली. शिवाला कोणत्या शाळेत घालायचं, दुकानाची भिंत पाडायची का, माझ्यासाठी आलेलं स्थळ बघायचं का. पूर्वी बापू तिच्या शब्दाशिवाय हलत नसत. आता ती म्हणायची, "मला नका विचारू. तुमचं तुम्ही बघा."

मी माझी समजूत घालून घेतली होती. अक्काला सगळं ठाऊक आहे. तिला दोनदा नाही म्हटलेलं आठवतंय आणि मला वाचवायला तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. ही समजूत मला फार सोयीची होती. त्यात अक्का थोर होत होती आणि मी लहान, आणि लहान असणं क्षम्य असतं. याच समजुतीवर मी लग्न करून नांदेडला गेले, नोकरी केली, दोन मुलं वाढवली. एकदा कापडाच्या दुकानात वहिनी दिसल्या. शेजारी एक किडकिडीत मुलगी पंजाबी ड्रेस निवडत होती आणि मधूनमधून दम्याचा पंप तोंडाला लावत होती. मी हातातलं कापड तिथेच टाकून मागच्या दारानं बाहेर पडले. आता माझी सून पुण्याहून येते तेव्हा तिच्या बॅगेत नाकात घालायच्या तेलाची सुबक बाटली असते. सकाळी उशीवरून मान खाली सोडून ती थेंब घालते आणि म्हणते, "आई, तुम्ही पण घाला ना, फार बरं वाटतं." तेल चांगलं असतं, वास बरोबर असतो. मी दूध तापवायचं निमित्त करून खोलीतून निघून जाते.

अक्का ऐंशीच्या पुढे गेल्यावर मी लातूरला तिला भेटायला गेले. बापू आणि आई दोघंही तोवर गेले होते. घर शिवाचं. त्या वर्षीही पाऊस नव्हता, लातूरला पाण्याची बोंब होतीच. दुपारी अक्का अंगणातल्या सावलीत तुरीची डाळ निवडत होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, ती बोटांनी खडे शोधायची. मी शेजारी बसले, आणि का कुणास ठाऊक, जणू दोघींना माहीत असलेलीच गोष्ट काढावी तसं म्हणाले, "अक्का, तू तेव्हा माझ्यासाठी खोटं बोललीस. मी कधी बोलले नाही त्यावर."

"कवा?"

"सोनूच्या वेळी. तू मला नाही म्हणाली होतीस. दोनदा. मी सगळ्यांसमोर खोटं सांगितलं आणि तू ते आपल्यावर घेतलंस."

तिची बोटं डाळीत थांबली. मग माझ्याकडे नाही, समोर बघत म्हणाली, "म्हंजी मी न्हाई म्हनले होते?"

तेव्हा मला कळलं.

"हो, अक्का."

"सपष्ट?"

"स्पष्ट. तान्ह्याला नाही म्हणालीस. दवाखान्यात ने म्हणालीस."

"मला तसंच आठवायचं," ती म्हणाली. "पन तू म्हनलीस, मी हो म्हनले. लेकरू कशाला खोटं बोलंल? मी म्हनलं, आपलंच टकुरं फिरलं. तोंड एक म्हनतं अन् मान दुसरंच म्हनती. तवापासनं कशाला हो म्हनायचं म्हनलं की भ्या वाटायचं बघ. मीठ जास्त झालं का इचारलं तरी."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. ढकललंही नाही. सूप उचलून ती भिंतीला धरत आत गेली.

त्या रात्री जेवताना ती शिवाला म्हणाली, "त्या नांदेडच्या बाईला मी न्हाई म्हनले होते, बरं का. तेल घालू नको म्हनले होते." शिवाला संदर्भ लागेना. दुसऱ्या दिवशी तिनं तेच शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. माझं नाव एकदाही घेतलं नाही. शिवाची बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "वन्सं, अक्का भ्रमिष्ट झाल्या की काय हो?" पहिल्या रात्री मी गप्प होते. दुसऱ्या रात्रीही घास चिवडत राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र मी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "ती बरोबर सांगतेय. ती नाही म्हणाली होती. तेल मी घातलं, आणि खोटंही मीच बोलले." शिवानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी कधी त्याची बहीण नव्हतेच. मग तो उठून बाहेर गेला. त्यालाही आठवत होतं, घर त्यानंतर कसं झालं ते.

निघताना अक्का बाजेवर बसून होती. मी पाया पडले. ती म्हणाली, "नांदेडात हाईत न्हवं ती माणसं? त्यांना सांग." कितीतरी वर्षांत तिनं कुणाला अमुक कर म्हणून सांगितलं नव्हतं.

मला आठ दिवस लागले. पत्ता माझ्याकडे होता, पंचवीस वर्षं होता. मधुकरराव जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनींचे केस पांढरे झाले होते, पण त्यांनी मला दारातच ओळखलं आणि हात धरून आत नेलं. पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच सांगितलं, मध्ये न थांबता, कारण थांबले असते तर उठून गेले असते.

वहिनी ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे मरेपर्यंत त्या बाईला शिव्या देत राहिले. नाव निघालं की जेवण सोडून उठायचे." मग बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं आता त्या मला जा म्हणतील. मी तयार होते.

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "सोनू, जरा बाहेर ये."

आतून चाळिशीची एक बाई आली. बारीक, चष्मा, हातात तपासायच्या वह्या. दोन खोल्या ओलांडून आली तरी तिला थोडा दम लागला होता.

"ही नंदा," वहिनी म्हणाल्या. "लातूरची. हिला तुला काहीतरी सांगायचंय. मी सांगणार नाही, तिलाच सांगू दे."

सोनू वह्या बाजूला ठेवून माझ्यासमोर बसली. मी पेला खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.